बेगमी : घराची आणि देशाची

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लष्करी संघर्ष सुरू असताना सीमेलगतच्या राज्यांतील काही शहरांत किराणा दुकानांत आणि पेट्रोल पंपांवर गर्दी उसळली होती. केंद्रीय अन्न आणि ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी देशात अन्नधान्याचा पुरेसा साठा असल्याचे सांगून अफवांवर विश्वास न ठेवण्याचे आवाहन केले. चंडीगड प्रशासनाने जीवनावश्यक वस्तूंच्या साठेबाजीवर बंदी घालणारा आदेश काढला. त्याच महिन्यात केंद्राने राज्यांना आणखी एक सूचना दिली. शिधापत्रिकाधारकांना जून, जुलै आणि ऑगस्ट अशा तीन महिन्यांचे धान्य आगाऊ वाटून टाकावे, असे त्या सूचनेत म्हटले होते. पावसाळ्यातील पूर, वाहतुकीतील अडथळे आणि गोदामांतील जागेची टंचाई ही त्यामागील कारणे होती. त्याचा सीमेवरील घडामोडींशी संबंध जोडण्याचे कारण नाही.

तरीही दोन्ही बातम्या एकत्र ठेवल्या, तर एक गमतीची विसंगती नजरेस येते. एका नागरिकाला सांगितले जाते की घरात साठा करू नका. दुसऱ्याला सांगितले जाते की तीन महिन्यांचा साठा आत्ताच घरी न्या. यातील खरे काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. उत्तर असे की दोन्ही सूचना आपापल्या जागी योग्य होत्या, आणि त्यांतील फरक समजण्यासाठी मराठी भाषाच आपल्या मदतीला येते.

बातम्यांचे भाषांतर करणाऱ्याला या फरकाशी रोज झगडावे लागते. मूळ इंग्रजी मजकुरात धान्य राखून ठेवण्याविषयी जे काही लिहिलेले असते, त्यासाठी मराठीत किमान चार शब्द समोर उभे राहतात : साठा, साठवण, साठेबाजी आणि बेगमी. साठा हा गोदामात असतो, तो मोजता येतो. साठवण ही कृती आहे. साठेबाजीत लोभ किंवा भीती आहे. बेगमी या शब्दात मात्र काळ आहे. पुढे अडचणीचे दिवस येणार हे ओळखून, हाती वेळ आणि बाजारात माल असताना केलेली तरतूद म्हणजे बेगमी. पावसाळ्याची बेगमी म्हणतात, वर्षाची बेगमी म्हणतात. टंचाई सुरू झाल्यावर दुकानाच्या रांगेत उभे राहून कोणी बेगमी करत नाही. तेव्हा जे होते त्याला दुसरा शब्द आहे.

शब्दांचा हा काथ्याकूट वाटेल, पण गेल्या काही वर्षांतील अनुभव पाहता सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा ठरला आहे. १ नोव्हेंबर २०२१ रोजी चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने हिवाळ्यातील भाजीपाल्याच्या पुरवठ्याविषयी काढलेल्या एका परिपत्रकात, कुटुंबांनी दैनंदिन गरजेच्या काही वस्तू जवळ ठेवाव्यात असे एक साधे वाक्य होते. त्या वाक्याने अनेक शहरांत तांदूळ, तेल आणि पिठाच्या खरेदीसाठी झुंबड उडाली आणि खुलासे करण्याची वेळ सरकारी माध्यमांवर आली. जपानमध्ये भूकंपाच्या भीतीने घरी काही दिवसांचे अन्न-पाणी ठेवण्याची शिकवण जुनी आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये मोठ्या भूकंपाचा सावधगिरीचा इशारा निघाला तेव्हा आधीच कमी असलेला तांदूळ दुकानांतून पाहता पाहता नाहीसा झाला. पुढे २०२५ मध्ये भाव इतके चढले की सरकारला आपल्या राखीव साठ्यातील तांदूळ बाजारात आणावा लागला. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये सज्जतेचे धोरण जाहीर करताना नागरिकांनी किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावून नेता येईल एवढी तयारी ठेवावी, असे सुचवले. स्वीडनने तर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अशा तयारीची माहितीपुस्तिका घरोघरी पाठवली. संकट दारात उभे नसताना दिलेला सल्ला लोक शांतपणे ऐकतात, दारात उभे असताना दिलेला सल्ला हाच इशारा ठरतो.

आपल्याकडे हा सल्ला देण्यासाठी पुस्तिकेची गरज नव्हती. ते काम पंचांग आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करत. महाराष्ट्रात फाल्गुन सरता सरता उन्हाळी कामांना सुरुवात होई. गहू वाळवून, चाळून, एरंडेलाचा हात लावून किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरला जाई. तूर भिजवून, उन्हात वाळवून, जात्यावर भरडून वर्षाची डाळ केली जाई. बियाण्याची आणि खाण्याची कडधान्ये मडक्यात राखेत मिसळून ठेवत. मिरची कांडून तिखट होई, चिंचेचे मीठ लावून गोळे होत, आणि गच्चीवर किंवा अंगणात खाटेवर कुरडया, सांडगे, पापड, शेवया वाळत पडत. जळणाचीही बेगमी असे. लाकडे आणि गोवऱ्या पहिल्या सरीपूर्वी आडोशाला गेल्या नाहीत, तर भरलेल्या कोठीचाही उपयोग नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक होते. ज्या घरी जागा होती तिथे भिंतीत बळद असे, नाही तर बांबूची, शेणामातीने लिंपलेली कणगी असे. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात जमिनीखालचे पेव असे. आज पेव पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत, आणि एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण वर्तमानपत्रात सर्रास लिहितो तेव्हा डोळ्यांपुढे धान्याचा तो खड्डा येत नाही.

कोकणपट्टीत आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत याच तयारीला ‘आगोट’ म्हणतात. समुद्र बंद होण्यापूर्वी सुके बोंबील, जवळा, सोडे आणि कांद्याच्या माळा घरात येतात. गोव्यात तिला ‘पुरुमेंत’ असे नाव आहे. तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून ते आले असून, पावसाळ्यापूर्वी मडगावात भरणारे फेस्त त्याच नावाने ओळखले जाते. काश्मीर खोऱ्यात हिवाळ्यात महामार्ग बर्फाने बंद होण्याची शक्यता गृहीत धरून दुधी, वांगी आणि टोमॅटो उन्हाळ्यातच चिरून, माळांत ओवून वाळवले जातात. राजस्थानच्या वाळवंटात केर आणि सांगरी वाळवून ठेवतात. लडाखमध्ये तर खिंडी बंद होण्याआधी करावयाची हिवाळी साठवण हा कुटुंबांइतकाच प्रशासनाच्या आणि सेनादलांच्याही वार्षिक कामाचा भाग आहे. प्रदेश बदलला की पदार्थ बदलतात. पण प्रत्येक ठिकाणी वर्षातील एक ठरावीक बंद काळ डोळ्यांपुढे असतो, आणि त्याच्या आधीचा एक मोकळा काळ कामाचा असतो.

या सगळ्याकडे हळवेपणाने पाहण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण भरलेली कोठी ही गावातील प्रत्येकाची कधीच नव्हती. ज्याच्याकडे जमीन होती त्याची कोठी भरत असे. ज्याच्याकडे नव्हती तो आषाढ-श्रावणात त्याच कोठीवाल्याकडून सवाई-दिढीने धान्य उचलत असे आणि सुगीत एका पायलीची दीड पायली परत करत असे. म्हणजे एका घरची बेगमी हे दुसऱ्या घरच्या कर्जाचे भांडवल होते. या जाचातून सुटण्यासाठी जे प्रयत्न झाले तेही धान्य राखून ठेवण्याचेच होते, पण सामूहिक. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कामात घरोघरच्या स्त्रियांनी रोज बाजूला काढलेल्या मूठभर धान्याचा, म्हणजे मुष्टीफंडाचा, मोठा वाटा होता. मिझोराममध्ये प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची चर्चशी निगडित प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. तेलंगणात जहीराबादच्या परिसरात दलित स्त्रियांच्या संघांनी १९९० च्या दशकात पडीक जमिनीवर ज्वारी पिकवून, ती गावातच साठवून, गावातील गरजू घरांना स्वस्तात देण्याची व्यवस्था उभी केली. केंद्र सरकारनेही १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकांची योजना सुरू केली होती. टंचाईच्या दिवसांत कुटुंबाने बँकेतून धान्य उसने न्यावे आणि पीक आल्यावर परत करावे, अशी ती कल्पना होती. कल्पना चांगली होती. परंतु ज्या वर्षी पीक येत नाही त्या वर्षी परतफेड कशी व्हावी, या प्रश्नापाशी अशा बँका नेहमी अडतात.

तेव्हा सर्वांसाठी बेगमी करावयाची तर ती राज्यानेच करावी लागते, हा विचार आपल्या उपखंडात फार जुना आहे. गोरखपूर जिल्ह्यातील सोहगौरा येथे सापडलेल्या, मौर्यकालीन मानल्या जाणाऱ्या ताम्रपटात आणीबाणीच्या काळी वापरावयाच्या दोन कोठारांचा उल्लेख आहे. पाटण्याचा गोलघर त्यामानाने कालचा. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर कंपनी सरकारने त्याची योजना केली आणि कॅप्टन जॉन गार्स्टिन यांनी १७८६ मध्ये ते प्रचंड घुमटाकार कोठार पूर्ण केले. या प्रांतांतील दुष्काळाचे कायमचे निवारण करण्यासाठी ते बांधल्याचे त्यावरील शिलालेखात म्हटले आहे. ते कोठार कधीच पूर्ण भरले गेले नाही. आज पर्यटक त्याच्या पायऱ्या चढून गंगेचे पात्र पाहतात. दुष्काळ मात्र त्यानंतरच्या शतकात एकामागून एक येत राहिले.

कोठार बांधणे आणि भूक टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने अत्यंत क्रूरपणे दाखवून दिले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात हेच मांडले की त्या वर्षी लाखो माणसे मेली ती केवळ धान्य नव्हते म्हणून नव्हे, तर ते मिळवण्याची ऐपत मजूर, मच्छीमार आणि कारागीर गमावून बसले होते म्हणून. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, त्यामागे परदेशी धान्याच्या जहाजांवर अवलंबून राहण्याची नामुष्की होती. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या पिढीला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी अजून आठवते. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आकाराला आली. धान्याचा साठा एकीकडे आणि ते विकत घेण्यासाठी हाती मजुरी दुसरीकडे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती, आणि सेन यांच्या पुस्तकाच्या आधीच ती महाराष्ट्रात प्रत्यक्षात उतरली होती.

आज देशाची कोठी किती मोठी आहे ते पाहू. २०१५ पासून लागू असलेल्या मानकांनुसार केंद्रीय साठ्यात १ एप्रिल रोजी किमान २१०.४ लाख टन आणि १ जुलै रोजी किमान ४११.२ लाख टन गहू आणि तांदूळ असावा लागतो. एप्रिल आणि जुलै यांतील हा फरक रब्बीच्या खरेदीमुळे पडतो, म्हणजे सरकारी कोठीलाही घरच्या कोठीसारखाच उन्हाळा असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा गोदामांत मानकाच्या दुपटीहून अधिक धान्य होते. या बाबतीत देशाने बेगमी केली नव्हती असे कोणालाही म्हणता येणार नाही. टाळेबंदीच्या आधीच, १८ मार्चच्या सुमारास, तत्कालीन अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी लाभार्थींना सहा महिन्यांचे धान्य एकदम उचलण्याची मुभा असल्याचे सांगितले होते. टाळेबंदी लागू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च रोजी, सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो जादा धान्य मोफत देण्याची घोषणा झाली. ती योजना वेळोवेळी वाढवत डिसेंबर २०२२ पर्यंत चालली आणि त्या काळात उपासमारीची मोठी लाट आली नाही, याचे श्रेय तिला द्यावेच लागेल.

आणि तरीही त्याच एप्रिलमध्ये महामार्गांवरून माणसे चालत होती. मुंबई, सुरत, दिल्ली येथील कामगारांपैकी कित्येकांची शिधापत्रिका गावी होती आणि पोट शहरात. ज्याला आठवड्याला मजुरी मिळते तो आठवड्याचा किराणा भरतो. ज्याला रोज मिळते तो संध्याकाळी पाव किलो डाळ आणि दहा रुपयांचे तेल घेऊन खोलीवर जातो. ही काटकसर आहे, निष्काळजीपणा नव्हे. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्री ती लागू झाली. त्या चार तासांत ज्यांच्याकडे पैसे होते ते दुकानात गेले. शिधापत्रिका नसलेल्या सुमारे आठ कोटी स्थलांतरितांना धान्य देण्याची योजना जाहीर झाली ती १४ मे रोजी, म्हणजे टाळेबंदीला सात आठवडे होऊन गेल्यावर. धान्य देशात होते. ते त्या माणसापर्यंत येण्याची वाट तयार नव्हती.

ती वाट तयार करण्याचे काम त्यानंतर वेगाने झाले, हे नमूद करायला हवे. देशात कुठेही आपल्या वाट्याचे धान्य उचलता यावे यासाठीची ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांपासून सुरू झाली होती. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना मुदत घालून दिली आणि जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशाने ती देशभर लागू झाली. आता बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकात गेला, तरी त्याला तिथल्या दुकानातून धान्य घेता येते, आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना त्याच शिधापत्रिकेवर त्यांच्या वाट्याचे गावी घेता येते. दुसरी बाजू अशी की शिधापत्रिका मुळात असली पाहिजे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य मिळावे याचा आकडा, ८१.३५ कोटी, हा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. लोकसंख्या वाढली, आकडा तिथेच राहिला. ई-श्रम नोंदणी असलेल्या पण शिधापत्रिका नसलेल्या सुमारे आठ कोटी कामगारांना ती देण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ आणि २०२४ मध्ये दिले. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरवण्यात आला आहे. तोवर आणि त्यानंतर आकडे निश्चित होईपर्यंत नवे नाव घालायचे तर जुने कमी करायचे, अशी खाली पडलेली मांडणी राज्यांना करावी लागते.

देशाची कोठी नेहमीच ओसंडून वाहते, या समजुतीलाही मधल्या काळात धक्का बसला. २०२१-२२ च्या हंगामात सरकारने ४३३ लाख टन गहू खरेदी केला होता. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेने दाणा बारीक झाला, युक्रेन युद्धामुळे जगभर भाव चढले, व्यापाऱ्यांनी हमीभावाहून अधिक दर दिला आणि सरकारी खरेदी १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद करण्यात आली. १ एप्रिल २०२४ रोजी केंद्रीय साठ्यातील गहू साधारण ७५ लाख टन होता. त्या दिवसासाठीचे मानक ७४.६ लाख टन आहे. अगदी काठावर. पुढे खरेदी सुधारली आणि २०२५-२६ मध्ये ती ३०० लाख टनांपर्यंत पोहोचली, त्यामुळे आज चिंतेचे कारण नाही. पण एका महिन्याच्या उन्हाने दोन वर्षांचे गणित बदलू शकते, एवढे त्यातून दिसले.

मात्र प्रस्तुत लेखकाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न गव्हा-तांदळाचा नाहीच. घरखर्चाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी होता. १९९९-२००० मध्ये तो सुमारे २२ टक्के होता. लोक आता दूध, फळे, अंडी, तेल आणि तयार खाद्यपदार्थांवर अधिक खर्च करतात. हे प्रगतीचे लक्षण आहे. पण याचा अर्थ असाही होतो की सरकारी गोदामात जे ठासून भरले आहे, त्याने ताटाचा एक कोपराच भरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या नमुना आहारात दिवसाला माणशी २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. चौघांच्या कुटुंबाला पंधरा दिवस घराबाहेर पडता आले नाही, तर या हिशेबाने १५ किलो धान्य, ५ किलो डाळ आणि दीड किलोहून थोडे अधिक तेल लागेल. यांपैकी धान्य शिधापत्रिकेवर मिळते. डाळ आणि तेल केंद्राच्या नियमित योजनेत नाही. तमिळनाडू २००७ पासून तूरडाळ आणि पामतेल सवलतीत देत आले आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या दिवाळीपासून काही सणांना रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल यांचा शंभर रुपयांचा संच दिला. सणाचा गोडवा निराळा, पण टंचाई तिथी पाहून येत नाही. खाद्यतेलाची तर अर्ध्याहून अधिक गरज आपण आयातीतून भागवतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जेमतेम तीन-चार आठवडे थांबवली, तेव्हा आपल्या फोडणीची दोरी किती दूर बांधलेली आहे ते कळले.

मध्यमवर्गीय घरांत चित्र वेगळे आहे. तिथे ऐपत आहे, पण कोठी नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत वर्षाचे गहू ठेवायला जागा नसते, दोघेही नोकरी करत असतील तर ते वाळवायला वेळ नसतो, आणि काही मिनिटांत किराणा दारात आणून देणाऱ्या सेवांनी महिन्याची यादीही कालबाह्य करत आणली आहे. घराचे फडताळ आता गल्लीच्या टोकावरील गोदामात गेले आहे. ते सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु रस्ते, वीज आणि मोबाईलचे जाळे या तिन्ही गोष्टी चालू असतील तोपर्यंतच ते आपले फडताळ असते. जुलै २००५ मध्ये मुंबई, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ यांनी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बंद पडलेल्या पाहिल्या आहेत. पंधरा दिवसांची डाळ, तांदूळ, पोहे, मीठ, एक भरलेला जादा सिलिंडर, मेणबत्त्या, नेहमीची औषधे आणि पिण्याचे पाणी एवढे घरात असणे ही कोणाच्याही दृष्टीने साठेबाजी नाही. २०२३ मध्ये गहू, तूर आणि उडीद यांवर घातलेल्या साठामर्यादाही व्यापारी, मोठी साखळी दुकाने आणि प्रक्रिया उद्योग यांना होत्या, घरच्या डब्यांना नव्हत्या. शिवाय जे घर आधीच तयार असते ते संकटाच्या पहिल्या रात्री दुकानात जात नाही, आणि तेवढी जागा रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यासाठी मोकळी राहते. मध्यमवर्गाच्या बेगमीकडे प्रशासनाने या दृष्टीनेही पाहायला हवे. नागरी संरक्षणाच्या सराव कवायती मे २०२५ मध्ये देशभर झाल्या. अशा कवायतींच्या जोडीने घरातील पंधरा दिवसांच्या सामानाची एक साधी यादी, शांततेच्या एखाद्या महिन्यात, प्रत्येक भारतीय भाषेत प्रसृत करणे कठीण नाही.

ज्यांच्याकडे ऐपत नाही त्यांच्यासाठी यादी पुरेशी नाही. त्यांच्याबाबत महाराष्ट्राच्या आदिवासी भागातील अनुभव बोलका आहे. गडचिरोलीत भामरागडला दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन संपर्क तुटतो. मेळघाटातील कित्येक पाडे चार महिने चिखलापलीकडे असतात. १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत अशा गावांना पावसाळ्यापूर्वीच धान्य पोहोचवण्याची तरतूद आहे. त्याआधीपासून चालत आलेली खावटी कर्जाची योजना २०२० मध्ये अनुदानाच्या रूपाने पुन्हा आणली गेली. आदिवासी कुटुंबाला ४ हजार रुपयांची मदत, अर्धी रोख आणि अर्धी वस्तूंच्या रूपात. त्या वस्तूंच्या यादीत मटकी, चवळी, हरभरा, उडीदडाळ, तूरडाळ, मीठ, साखर, शेंगदाणा तेल, मिरची पूड आणि चहा होता. कोणा अधिकाऱ्याने ती यादी केली ते ठाऊक नाही, पण त्याने घरची आगोट पाहिलेली असणार. योजना जाहीर झाली टाळेबंदीच्या वर्षी, आणि संच बऱ्याच ठिकाणी पोहोचले दुसऱ्या वर्षी. बेगमीत सगळा खेळ वेळेचा असल्याने हा विलंब मोठा मानावा लागतो.

म्हणूनच २०२५ मधील तीन महिन्यांच्या आगाऊ वाटपाकडे केवळ गोदामे रिकामी करण्याचा उपाय म्हणून पाहू नये. सरकारी कोठीतील धान्य टंचाईच्या आधी गरिबाच्या घरी नेऊन ठेवण्याचा तो देशव्यापी प्रयोग होता, आणि तो दरवर्षी मे महिन्यात, डाळ आणि तेलासह, करता येईल का याचा विचार व्हायला हवा. त्यात व्यावहारिक अडचणी आहेतच. चौघांच्या कुटुंबाचे तीन महिन्यांचे धान्य म्हणजे ६० किलो. रेशन दुकानदाराकडे एवढा माल एकदम ठेवायला जागा नसते. अंगठ्याचा ठसा उमटवण्यासाठी रांगेत घालवलेला दिवस मजुरीचा जातो. आणि धारावीतील किंवा सुरतेच्या वस्तीतील दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे पहिल्या मोठ्या सरीला पाणी उंबऱ्याच्या आत येते, तिथे ६० किलो गहू-तांदूळ ओलीपासून आणि उंदरांपासून वाचवायला झाकणाचा एक पत्र्याचा पिंप लागतो. त्या पिंपाची तरतूद अद्याप कोणत्याही योजनेत नाही.